विश्लेषण : महागडी टेलीफोटो प्राइम लेन्स घ्यावी, की टेलीकन्व्हर्टरवर भागेल? प्रकाशाचे गणित काय सांगते?

हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणच्या पाणथळीत फ्लेमिंगो उतरले की त्यांच्यामागोमाग छायाचित्रकारांच्या होड्याही पाण्यात उतरतात. ताडोबात पहाटे निघणाऱ्या जिप्सींमध्येही लांबलचक लेन्स दिसतात. अशा ठिकाणी जाऊन आलेल्या बहुतेक हौशी छायाचित्रकारांची तक्रार एकच असते : पक्षी किंवा वाघ दिसला, पण फोटोत तो ठिपक्याएवढाच आला. यावर दुकानात दोन उपाय मिळतात. एक म्हणजे दहा लाख रुपयांच्या घरातील मोठी टेलीफोटो प्राइम लेन्स. दुसरा म्हणजे त्या किमतीच्या किरकोळ भागात मिळणारा, खिशात मावणारा टेलीकन्व्हर्टर. दोन्ही उपाय दूरचे जवळ आणतात, असे सांगितले जाते. मग किमतीत एवढा फरक का? आणि कोणी काय घ्यावे?

टेलीकन्व्हर्टर नेमके काय करतो?

कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये बसवायची ही एक आखूड नळी असते. तिच्या आत प्रकाशकिरण फाकवणारा भिंगांचा संच असतो. मूळ लेन्सने तयार केलेल्या प्रतिमेचा मधला भाग हा संच मोठा करतो आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पसरवतो. दुर्बिणीतून आकाश पाहणाऱ्यांना हे तत्त्व ‘बार्लो लेन्स’ या नावाने माहीत असते. इंग्लिश गणितज्ञ पीटर बार्लो यांच्या नावाने ओळखले जाणारे हे भिंग १८३० च्या दशकातील आहे.

बाजारात प्रामुख्याने दोन प्रकारचे कन्व्हर्टर मिळतात : १.४ पट आणि २ पट. ३०० मिमीची लेन्स १.४ पट कन्व्हर्टरने ४२० मिमीची होते, तर २ पट कन्व्हर्टरने ६०० मिमीची. वजन मात्र फारसे वाढत नाही. सोनीचा १.४ पट कन्व्हर्टर १६७ ग्रॅमचा आहे, तर कॅननच्या आरएफ मालिकेतील तसाच कन्व्हर्टर २२५ ग्रॅमचा. आणखी एक फायदा फारसा सांगितला जात नाही. लेन्स कमीत कमी किती अंतरावरून फोकस करते, ते अंतर कन्व्हर्टर लावल्याने बदलत नाही. त्यामुळे फुलपाखरू, चतुर किंवा सरडा तेवढ्याच अंतरावरून १.४ पट किंवा दुप्पट मोठा टिपता येतो.

मग प्रकाश कमी का होतो?

लेन्सवर लिहिलेला ‘एफ’चा आकडा हा प्रत्यक्षात एक भागाकार असतो. लेन्सच्या फोकल लेंग्थला प्रकाश आत येणाऱ्या छिद्राच्या व्यासाने भागले की तो आकडा मिळतो. ३०० मिमी एफ/२.८ लेन्समध्ये हा व्यास सुमारे १०७ मिमी असतो. कन्व्हर्टर मागच्या बाजूला बसतो. त्यामुळे पुढचे भिंग तेवढेच राहते आणि त्यातून आत येणारा प्रकाशही तेवढाच राहतो. फोकल लेंग्थ मात्र ६०० मिमी झालेली असते. आता ६०० ला १०७ ने भागले की उत्तर येते ५.६. म्हणजे एफ/२.८ ची लेन्स एफ/५.६ ची झाली.

तेवढ्याच कणकेची पोळी मोठी लाटली तर ती पातळ होते. इथेही तसेच घडते. तोच प्रकाश मोठ्या प्रतिमेवर पसरल्याने सेन्सरच्या प्रत्येक भागाला कमी प्रकाश मिळतो. १.४ पट कन्व्हर्टरने तो निम्मा होतो, तर २ पट कन्व्हर्टरने एक चतुर्थांश उरतो. छायाचित्रणाच्या भाषेत पहिल्याला एक ‘स्टॉप’ आणि दुसऱ्याला दोन ‘स्टॉप’चा तोटा म्हणतात. कन्व्हर्टर कितीही उत्तम काचेचा असला तरी हा तोटा टळत नाही, कारण तो काचेच्या दर्जामुळे होत नाही. विस्तार वाढवण्याची ती किंमत आहे.

प्रत्यक्षात याने किती फरक पडतो?

पहाटेच्या सफारीचे उदाहरण घेता येईल. बांबू आणि सागाच्या जंगलात सूर्य वर येईपर्यंत प्रकाश बेताचाच असतो. चालणाऱ्या वाघाचा फोटो हलू नये म्हणून शटर स्पीड निदान १/५०० सेकंद ठेवायचा आहे, असे समजू. एफ/२.८ लेन्सवर त्या प्रकाशात आयएसओ १६०० पुरत असेल, तर इतर पर्यायांचे गणित असे होते :

– एफ/२.८ लेन्सवर १.४ पट कन्व्हर्टर (एफ/४) : आयएसओ ३२००

– एफ/२.८ लेन्सवर २ पट कन्व्हर्टर (एफ/५.६) : आयएसओ ६४००

– ६०० मिमीला एफ/६.३ असलेली झूम लेन्स : आयएसओ ८०००

– त्याच झूमवर १.४ पट कन्व्हर्टर (एफ/९) : आयएसओ १६०००

आयएसओ वाढला की फोटोत दाणेदारपणा येतो. वाघाच्या अंगावरचे केस, डोळ्यातील चमक असे बारकावे त्यात विरतात. नवे कॅमेरे आणि दाणे कमी करणारी सॉफ्टवेअर आयएसओ ६४०० पर्यंत बऱ्यापैकी निभावून नेतात. आयएसओ १६००० ला मात्र त्यांचीही दमछाक होते. सकाळी नऊनंतर उघड्या माळावर किंवा भिगवणच्या पाण्यावर याच लेन्स आयएसओ ४०० ते ८०० वर आरामात चालतात. तिथे एक स्टॉप गमावल्याचे जाणवतही नाही. म्हणूनच एकाच कन्व्हर्टरबद्दल पाणपक्षी टिपणारा छायाचित्रकार ‘झकास’ म्हणतो आणि जंगलात जाणारा ‘पैसे वाया’ म्हणतो. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर असते.

फोटो नंतर ‘क्रॉप’ केला तर चालणार नाही का?

काही वेळा चालते. ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातील फोटोचा मधला भाग १.४ पट विस्ताराएवढा कापला तर सुमारे २३ मेगापिक्सेल उरतात. मोबाइलवर पाहण्यासाठी किंवा मध्यम आकाराच्या छपाईसाठी ते पुरेसे आहेत. २ पट विस्ताराएवढा कापला तर साधारण ११ मेगापिक्सेलच उरतात. तिथे पिसांचे बारकावे कमी पडू लागतात.

दाणेदारपणाच्या बाबतीत कापलेला फोटो आणि कन्व्हर्टर लावून काढलेला फोटो जवळपास सारखेच ठरतात. कारण दोन्हींत पक्ष्याकडून आलेला एकूण प्रकाश तेवढाच असतो. कन्व्हर्टरचा फायदा म्हणजे पक्ष्याच्या वाट्याला जास्त पिक्सेल येतात आणि व्ह्यूफाइंडरमध्ये तो मोठा दिसतो. तोटा म्हणजे मूळ लेन्समधील दोषही तेवढेच मोठे होतात आणि फोकस काहीसा मंदावतो. त्यामुळे जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा असलेल्यांनी आधी आपलेच जुने फोटो कापून पाहावेत. तेवढ्याने समाधान होत असेल तर १.४ पट कन्व्हर्टरची घाई करण्याचे कारण नाही.

फास्ट प्राइम लेन्स एवढ्या महाग का?

झूम न होणाऱ्या, म्हणजे एकच फोकल लेंग्थ असलेल्या लेन्सला प्राइम म्हणतात. एफचा आकडा लहान असलेली, म्हणजे जास्त प्रकाश घेणारी लेन्स ती ‘फास्ट’. लांब पल्ला आणि भरपूर प्रकाश या दोन्ही गोष्टी एकत्र हव्या असतील तर पुढचे भिंग मोठेच लागते. ४०० मिमी एफ/२.८ साठी व्यास साधारण १४३ मिमी येतो, तर ६०० मिमी एफ/४ साठी १५० मिमी. एवढ्या आकाराची निर्दोष भिंगे घडवणे खर्चीक असते. रंगांच्या कडा फुटू नयेत म्हणून त्यात फ्लोराइटसारखे विशेष घटक वापरावे लागतात. अशा लेन्स विकल्याही मोजक्याच जातात. त्यामुळे आज त्यांची किंमत भारतात दहा लाख रुपयांच्या पुढे जाते.

गेल्या काही वर्षांत वजन मात्र बरेच उतरले आहे. कॅननची डीएसएलआरसाठीची ४०० मिमी एफ/२.८ लेन्स दुसऱ्या आवृत्तीत ३,८५० ग्रॅमची होती. २०१८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ती २,८४० ग्रॅमवर आली. सोनीची २०२३ मधील ३०० मिमी एफ/२.८ लेन्स तर १,४७० ग्रॅमचीच आहे. ट्रायपॉडशिवाय हातात धरून वापरता येणारी फास्ट प्राइम ही आता दुर्मीळ गोष्ट राहिलेली नाही.

फास्ट प्राइमचा दुसरा उपयोग पार्श्वभूमीसाठी होतो. मोठ्या छिद्रामुळे मागची झाडी किंवा स्टेडियममधील गर्दी मऊ, धूसर होते आणि विषय उठून दिसतो. वानखेडेसारख्या मैदानावर रात्रीच्या सामन्यात सीमारेषेबाहेर बसलेल्या छायाचित्रकारांसमोर ४०० मिमी एफ/२.८ लेन्स दिसतात, त्याचे कारण हेच. चेंडू आणि बॅट गोठवण्यासाठी तिथे १/१००० सेकंदाहून वेगवान शटर लागते आणि प्रकाश फक्त दिव्यांचा असतो.

ऑटोफोकसवर काय परिणाम होतो?

डीएसएलआरच्या काळात कन्व्हर्टरची सर्वांत मोठी अडचण हीच होती. बहुतेक डीएसएलआरचे ऑटोफोकस एफ/५.६ पर्यंतच भरवशाने चालायचे. काही महागड्या कॅमेऱ्यांमध्ये मधल्या मोजक्या बिंदूंवर ते एफ/८ पर्यंत जायचे. त्यामुळे एफ/५.६ च्या लेन्सवर २ पट कन्व्हर्टर लावला की हाताने फोकस करण्याची वेळ येई.

मिररलेस कॅमेऱ्यांत फोकस थेट सेन्सरवरूनच मोजला जातो. त्यामुळे ते एफ/११ किंवा त्यापुढेही फोकस करू शकतात. म्हणूनच कॅननला २०२० मध्ये ६०० आणि ८०० मिमीच्या, एफ/११ वर कायम असलेल्या हलक्या लेन्स बाजारात आणता आल्या. तरीही ‘फोकस होतो’ आणि ‘फोकस वेगाने होतो’ यात फरक आहे. कमी प्रकाशात, साध्या झूमवर २ पट कन्व्हर्टर लावून उडत्या पक्ष्याचा माग काढताना हा फरक लगेच कळतो. जुना डीएसएलआर सेकंडहँड घेणाऱ्यांनी एफ/८ ची मर्यादा आधी तपासायला हवी.

सगळ्या लेन्सवर कन्व्हर्टर बसतो का?

नाही, आणि फसगत बहुधा इथेच होते. बऱ्याच कन्व्हर्टरचे पुढचे भिंग नळीच्या बाहेर आलेले असते. लेन्सच्या मागच्या बाजूला तेवढी मोकळी जागा नसेल तर तो बसतच नाही. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या झूम लेन्सवर तो चालत नाही. कॅननची २०१९ मधील आरएफ ७०-२०० मिमी एफ/२.८ लेन्स कन्व्हर्टर घेत नाही, तर २०२४ मधील तिची ‘झेड’ आवृत्ती घेते. कॅननच्याच आरएफ १००-५०० मिमी लेन्सवर तो चालतो, पण ३०० ते ५०० मिमी या टप्प्यातच. सोनीच्या २००-६०० मिमी लेन्सवर चालतो. मात्र सोनीच्या कॅमेऱ्यांसाठी सिग्मा आणि टॅमरॉन यांनी बनवलेल्या लेन्सवर कन्व्हर्टरची सोय नाही. त्यामुळे पैसे देण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावरील सुसंगत लेन्सची यादी पाहणे आवश्यक ठरते.

प्राइम आणि कन्व्हर्टर दोन्ही एकत्र घेतले तर?

व्यावसायिक छायाचित्रकार बहुतेक वेळा तेच करतात. कन्व्हर्टर मूळ लेन्सचे दोष मोठे करतो. फास्ट प्राइममध्ये दोष मुळातच कमी असतात आणि प्रकाशही शिलकीत असतो. त्यामुळे तिच्यावर १.४ पट कन्व्हर्टर लावल्यावर दर्जात पडलेला फरक सहसा नजरेत भरत नाही. स्वस्त झूमकडे या दोन्ही गोष्टींची शिल्लक नसते. कन्व्हर्टर आधीच उत्तम असलेल्या लेन्सवर उत्तम चालतो, तो यामुळेच.

कंपन्यांनीही हे ओळखले आहे. कॅननने २०१३ मध्ये २००-४०० मिमी एफ/४ लेन्सच्या आतच १.४ पट कन्व्हर्टर बसवला. निकॉनने २०२२ मध्ये ४०० मिमी एफ/२.८ आणि ६०० मिमी एफ/४ या दोन्ही लेन्सना तशीच सोय दिली. खटका दाबला की ४०० ची ५६० मिमी होते. ताडोबाच्या धुळीच्या रस्त्यावर लेन्स काढून कन्व्हर्टर लावताना सेन्सरवर धूळ बसण्याची भीती असते. तीही यात राहत नाही.

पण मग कोणती प्राइम घ्यावी, हा प्रश्न उरतोच. इथे पुन्हा तोच भागाकार उपयोगी पडतो : फोकल लेंग्थ भागिले एफचा आकडा. उत्तरात येणारे मिलिमीटर म्हणजे लेन्स दूरच्या विषयाकडून किती प्रकाश गोळा करू शकते, याचे माप. ४०० मिमी एफ/२.८ वर १.४ पट कन्व्हर्टर लावल्यावर ५६० मिमी एफ/४ मिळते. छिद्र तेच १४३ मिमीचे, म्हणजे ६०० मिमी एफ/४ च्या १५० मिमीच्या अगदी जवळ. हा सौदा फायद्याचा आहे.

३०० मिमी एफ/२.८ वर २ पट कन्व्हर्टर लावला तर ६०० मिमी एफ/५.६ मिळते, पण छिद्र १०७ मिमीचेच राहते. सोनी किंवा निकॉनच्या ६०० मिमीला एफ/६.३ असलेल्या झूम लेन्समध्ये ते ९५ मिमी असते. दोन्हींत फरक जेमतेम एक तृतीयांश स्टॉपचा, आणि किमतीत मात्र काही लाखांचा. ज्याला ३०० मिमी एफ/२.८ मूळ रूपातच जास्त वापरायची आहे त्याच्यासाठी ती अप्रतिम आहे. जो ती कायम २ पट कन्व्हर्टरसह वापरणार आहे, त्याने झूम घेतलेली बरी.

या दोन टोकांच्या मधले पर्याय कोणते?

गेल्या काही वर्षांत हा मधला भाग चांगलाच भरला आहे. सोनीची २००-६०० मिमी, निकॉनची १८०-६०० मिमी, कॅननची २००-८०० मिमी अशा झूम लेन्स फास्ट प्राइमच्या किमतीच्या लहानशा भागात मिळतात. निकॉनने फ्रेनेल पद्धतीच्या भिंगांचा वापर करून हलक्या प्राइमही आणल्या आहेत. २०१८ मधील ५०० मिमी एफ/५.६ लेन्स १,४६० ग्रॅमची होती. ८०० मिमी एफ/६.३ लेन्स २,३८५ ग्रॅमची आहे. या लेन्स एफ/२.८ किंवा एफ/४ एवढा प्रकाश घेत नाहीत. पण दिवसाउजेडी पक्षी टिपणाऱ्याला, दिवसभर पाठीवर सामान घेऊन चालणाऱ्याला त्या जास्त सोयीच्या ठरतात.

मोबाइलसाठी आलेले टेलीकन्व्हर्टर वेगळे कसे?

२०२५ मध्ये विवो आणि ओप्पो यांनी आपल्या महागड्या फोनसाठी वेगळे जोडायचे टेलीकन्व्हर्टर आणले. नाव तेच असले तरी काम करण्याची रीत निराळी आहे. कॅमेऱ्याचा कन्व्हर्टर लेन्सच्या मागे बसतो, मोबाइलचा पुढे. तो एखाद्या छोट्या दुर्बिणीसारखा असतो. त्याचे पुढचे भिंग फोनच्या इवल्याशा लेन्सपेक्षा बरेच मोठे असल्याने तो जादा प्रकाशही गोळा करतो. त्यामुळे मागे बसणाऱ्या कन्व्हर्टरसारखा एक-दोन स्टॉपचा तोटा त्यात होत नाही. डिजिटल झूमपेक्षा तो सरस ठरतो, तो यामुळे. मात्र फोनचा सेन्सर मुळातच लहान असतो. पहाटेच्या जंगलात मोठ्या कॅमेऱ्याशी बरोबरी करण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवता येत नाही.

मग निवड कशी करावी?

पहिला प्रश्न प्रकाशाचा. बहुतेक फोटो पहाटे, तिन्हीसांजेला, दाट जंगलात किंवा रात्रीच्या मैदानावर काढायचे असतील तर पैसे मोठ्या छिद्राच्या लेन्ससाठीच राखावेत. तिथे कन्व्हर्टर उपयोगाचा नाही. फोटो दिवसा, उघड्यावर काढायचे असतील तर ६०० मिमीपर्यंत जाणारी झूम बहुतेकांना पुरते.

दुसरा प्रश्न वापराचा. कन्व्हर्टर अधूनमधून लागणार असेल तर तो बॅगेत असावा. तो लेन्सवरून कधी उतरणारच नसेल तर मूळ लेन्सची निवड चुकली, असे समजायला हरकत नाही. पहिला कन्व्हर्टर १.४ पटच घ्यावा. २ पट हा चांगल्या प्रकाशासाठी आणि उत्तम प्राइमसाठी ठेवलेला बरा.

तिसरा प्रश्न खर्चाचा. वर्षातून दोन सफारी करणाऱ्याला दहा लाखांची लेन्स विकत घेण्याची गरज नसते. पुणे, मुंबईसारख्या शहरांत मोठ्या लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. एकदा भाड्याने घेऊन, स्वतःच्या कॅमेऱ्यावर, स्वतःच्या आवडीच्या जागी वापरून पाहिली की वजन झेपते का आणि फरक दिसतो का, हे दोन्ही कळते.

कोणतीही लेन्स घेतली तरी हवेवर तिचा इलाज चालत नाही. दुपारी तापलेल्या पाण्यावरून, माळावरून हवा थरथरत असते. दीडशे-दोनशे मीटरवरचा पक्षी अशा वेळी ८०० मिमीनेही लिबलिबीतच येतो. त्यावर उपाय म्हणजे सकाळी लवकर जाणे आणि अंतर कमी असेल अशी जागा धरून शांत बसणे. होडी थव्यात घुसवून अंतर कमी केले तर फ्लेमिंगो चरणे सोडून उडतात. लांब पल्ल्याच्या लेन्सचा खरा उपयोग हे टाळण्यासाठी आहे. म्हणून खरेदीला जाण्याआधी आपले आवडलेले शंभर जुने फोटो उघडून त्यांचा आयएसओ आणि फोकल लेंग्थ पाहावी. बहुतेक फोटोंत आयएसओ चढलेला असेल तर अडचण प्रकाशाची आहे, मोठ्या छिद्राच्या लेन्सचा विचार करावा. आयएसओ कमी असूनही प्रत्येक फोटो कापावा लागला असेल तर अडचण पल्ल्याची आहे आणि तिथे टेलीकन्व्हर्टरवर भागू शकते.